कुलपातल्या सुऱ्या

पाकिटातल्या पिठाचा केक करायला काय अक्कल लागते, असं जाऊ मागच्या खेपेला म्हणाली होती आणि ते शिवणकाम करणाऱ्या काकूंना चांगलंच झोंबलं होतं. कारण त्या दिवशी केकच्या वड्यांना थर कुठले, नुसता चॉकलेटचा चिखल झाला होता. पण दोष पाकिटाचा नव्हता, खोड घरातली होती. ट्रे ओव्हनबाहेर आला रे आला की काकांनी त्यात गरम असतानाच सुरी घातली आणि सगळं ओघळलं म्हणून समजा.

आज काकूंनी कंबर कसली. अर्धं मिश्रण आधी भाजून घेतलं, त्यावर वितळलेलं कॅरॅमल ओतलं, वर उरलेलं मिश्रण पसरून ट्रे पुन्हा आत सरकवला. मग घरातल्या सगळ्या सुऱ्या, कात्र्या, अगदी फूटपट्टीसुद्धा मशीनच्या खणात टाकून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

ट्रे बाहेर आला तसे काका चमचा घेऊन हजर झाले.

"हात मागे. दोन तास निवू दे."

"निदान वास तरी घेऊ दे."

"तो दारातूनही येतो."

दोन तासांनी जाऊ आली, तेव्हा काकू मापाची टेप लावून वड्या कापत होत्या. तपकिरी, सोनेरी, पुन्हा तपकिरी. एक थेंब ओघळला नव्हता. दुसरी वडी उचलत जावेने विचारलं, "पाकिटाचंच ना हे?"

"पाकिटाचंच," म्हणत काकूंनी उरलेलं एक पाकीट तिच्या पिशवीत टाकलं. "घेऊन जा. दोन तास मात्र तुझ्या घरचे घाल."