सुतक कानानं लागतं

सुतक कानानं लागतं, असं अनसूयाबाईंचं म्हणणं होतं. माणूस गेला म्हणून लागत नाही, गेल्याचं ऐकलं म्हणजे लागतं. लेकीच्या, वेदश्रीच्या, लग्नाला आठवडा उरला तेव्हा त्यांनी सुनेला, दीपश्रीला, स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या त्या डबीला फोन अडवता येतो का गं?"

डबी दीपश्रीनंच आणली होती. सप्तापूरच्या घरातला तारेचा फोन केव्हाच बंद पडला होता. तार जोडायला कोणी येईना, आणि सासऱ्यांना, बाळाचार्यांना, मोबाइल म्हणजे कानाशी धरलेला साबण वाटायचा. निवृत्त हेडमास्तर, कानानं कमी, हातात जड रिसीव्हर असल्याशिवाय त्यांना बोलल्याचं समाधान नाही. दीपश्री हुबळीच्या एका कंपनीचं काम घरी बसून संगणकावर करायची. तिनं इंटरनेटला जोडायची डबी मागवली, त्यात जुना फोन खोचला, नवा नंबर घेतला. पहिल्यांदा घंटी वाजली तेव्हा बाळाचार्यांनी सुनेकडे असं पाहिलं की तिला आपण काहीतरी मोठं केल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी, देवापुढे दिवा लागला की फोन वाजायचा. पलीकडे कलघटगीहून बाळाचार्यांचे थोरले भाऊ प्राणेश. घरातली सगळी त्यांना दोड्डप्पा म्हणत, कानडीत थोरल्या काकांना म्हणतात तसं. दोघं म्हातारे बोलत काय? आज एकादशी की उद्या, गुडघा उजवा दुखतो की डावा, सारात कुणाकडे मीठ जास्त पडलं. बोलण्यात दम काही नव्हता. पण फोन झाल्याशिवाय दोघांच्याही घशाखाली घास उतरत नसे.

आता दोड्डप्पा अंथरुणाला खिळले होते. दवाखान्यातून घरी पाठवलेलं. असं घरी पाठवतात त्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता, एक बाळाचार्य सोडून. त्यांना "सुधारणा आहे" एवढंच सांगितलं होतं.

"आई, पण दोड्डप्पा अजून आहेत की," दीपश्री म्हणाली.

"आहेत तोवरच अडवायचं ना! गेल्यावर अडवून काय करू? तेव्हा पहिला फोन इथंच येणार."

अनसूयाबाई दुष्ट नव्हत्या. भिजलेल्या होत्या, म्हणून पावसाला भीत होत्या. सहा वर्षांपूर्वी याच वेदश्रीचं लग्न ठरलं होतं, मांडवाचे खांबसुद्धा रोवून झाले होते, आणि वेदश्रीची आजी, अनसूयाबाईंची सासू, गेली. दहा दिवसांचं सुतक. तारीख पुढे ढकलली, तेवढ्यात मुलाकडच्यांचं मन फिरलं. त्यानंतर वेदश्रीला पाहायला येणारा प्रत्येकजण आधी ते मोडलेलं लग्न पाहायचा आणि मग मुलगी. आता चौतिशीत श्रीवत्सांचं स्थळ आलं होतं. शांत मुलगा, लग्न लावून लगेच जर्मनीला नोकरीवर निघायचा होता. हा मुहूर्त चुकला तर पुढे कित्येक महिने मुहूर्त नाही. नांदी होऊन देवक बसलं की मग सुतक लग्नाला आडवं येत नाही. तोवर घराचे कान जपायचे, एवढंच अनसूयाबाईंचं मागणं होतं.

"आणि अप्पांनीच तिकडे लावला तर?" सासऱ्यांना ती अप्पा म्हणायची.

"तोही अडव. कलघटगीचा फोन बिघडलाय म्हणून सांगते मी त्यांना."

दीपश्रीनं नवऱ्याला विचारलं. गुरुप्रसाद बँकेत अधिकारी, दिवसभर लोकांना हो-नाही सांगणारा माणूस. घरात मात्र "आई म्हणते तसं कर" यापलीकडे त्याचा शेरा जात नसे. तो आचाऱ्याला भेटायला निघून गेला.

मग तिनं संगणकावर डबीचं पान उघडलं. आत येणारा फोन कुणाचा असेल तर कुठे वाजवायचा, बाहेर जाणारा कुठल्या नंबराचा असेल तर कुठल्या वाटेनं न्यायचा, हे तिथं एकेका ओळीत लिहून ठेवता येतं. तिनं दोड्डप्पांचा आणि त्यांच्या मुलाचा, प्रवीणचा, असे दोन नंबर लिहिले. हे आले तर घरात घंटी वाजवू नको, माझ्या मोबाइलवर पाठव. घरातून हे फिरवले तर तेही माझ्याकडेच पाठव. डबीवरचा हिरवा दिवा विझला, पुन्हा लागला. तिनं स्वतः घरच्या फोनवरून प्राणेशांचा नंबर फिरवून पाहिला, आणि तिच्याच कमरेला खोचलेला मोबाइल वाजला. काम पहिल्या फटक्यात जमलं, आणि जमल्याचा आनंदही झाला तिला. हा आनंद नंतर तिला फार दिवस टोचला.

पहिल्या संध्याकाळी बाळाचार्य दिवा लागल्यावर नेहमीप्रमाणे फोनशेजारच्या खुर्चीत येऊन बसले. फोन वाजला नाही. आतल्या खोलीत दीपश्रीचा मोबाइल थरथरला. प्रवीण होता.

"वैनी, काका आहेत का? अण्णा बोलतो म्हणायलेत."

"अप्पा बाजारात गेलेत," ती हळूच म्हणाली. भिंतीपलीकडे बाळाचार्य खाकरत होते.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना मठात पाठवलं. खोटं बोलण्याची एक गंमत असते, पहिलं घशात अडकतं आणि दुसरं आपोआप गिळलं जातं.

बाळाचार्य काही शांत बसणारे नव्हते. तेही उलटा फोन लावायचे. लावला की आतल्या खोलीत, नाहीतर परसात, नाहीतर पिशव्या घेऊन चाललेल्या दीपश्रीच्या हातात मोबाइल वाजायचा. ती तो वाजू द्यायची. बाळाचार्यांना पलीकडे नुसती घंटी ऐकू यायची.

"वाजायलाय की फोन. बिघडलाय कुठला?" ते बायकोला म्हणाले.

"तसंच वाजतं हो बिघडल्यावर."

"रागावला असेल. लग्नाच्या गडबडीत मी बघायला गेलो नाही म्हणून." आणि ते पंचांग उघडून बसले, पण पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

नांदीच्या आदल्या दिवशी दीपश्री आणि वेदश्री हुबळीला दुर्गदबैलच्या बाजारात ओटीचे खण घ्यायला गेल्या. संध्याकाळ झाली तरी निवड संपेना. ऑटो, हातगाड्या, दुकानदारांच्या हाका, त्यात वेदश्री सहा वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणी हसत होती, हिरवा खण गालाला लावून विचारत होती, "वैनी, हा शोभतो का गं?" त्याच वेळी मोबाइल वाजला. डबीतून पुढे येणाऱ्या फोनवर नाव एकच दिसायचं, 'घर'. सासूबाईंना काही हवं असेल असं वाटून तिनं पटकन उचलला.

"बाळ्या?"

दोड्डप्पा होते. स्वतः. आवाज इतका खाली गेलेला की गर्दीत तिनं दुसरा कान हातानं दाबून धरला.

"दोड्डप्पा, मी दीपश्री."

"हां, बाळा. बाळ्याला दे गं जरा. दोनच शब्द बोलतो."

तेवढ्यात कानात टुक् टुक् वाजायला लागलं. दुसरा फोन येत होता. त्यावरही नाव 'घर'. तिनं ओळखलं. दिवा लागला होता. सप्तापुरात बाळाचार्य खुर्चीत बसून भावाचा नंबर फिरवत होते. दोघं भाऊ एकाच वेळी एकमेकांना हाक मारत होते, आणि दोन्ही हाका दुर्गदबैलच्या एका कापडदुकानापुढे तिच्या हातात येऊन थांबल्या होत्या. पडद्यावर बटण होतं, दोन्ही फोन एकत्र करायचं. अंगठा ठेवायचा अवकाश. दोघं बोलले असते आणि मधे कोण होतं हे त्यांना कळलंही नसतं.

पण दोड्डप्पांचा हा आवाज ऐकल्यावर बाळाचार्य घरात थांबले नसते. रात्रीच्या रात्री कलघटगी गाठली असती, भावाच्या उशाशी बसले असते, आणि मग जे व्हायचं ते त्यांच्या डोळ्यांदेखत झालं असतं. वेदश्री खण हातात धरून उभी होती. "कोण गं?" तिनं विचारलं.

दीपश्रीचा अंगठा तसाच राहिला. तोंडातून मात्र निघून गेलं, "अप्पा झोपलेत, दोड्डप्पा."



"झोपलाय?" ते म्हणाले. मग म्हणाले, "बरं. झोपू दे त्याला."

फोन बंद झाला. दुसरा थोडा वेळ वाजत राहिला आणि तोही थांबला. वेदश्रीला ती म्हणाली, "शोभतो. घे."

सकाळी, नांदीची तयारी चालू असताना, परसात तुळशीपाशी तिचा मोबाइल वाजला. प्रवीण रडत नव्हता. "काकांना द्या," एवढंच म्हणाला; आणि ती काही बोलेना तसा त्याला सगळं उमगलं असावं. "वैनी, अण्णा गेले पहाटे. काकांना नका सांगू आता. लग्न होऊ द्या. आम्ही उरकतो पुढचं." ज्याचा बाप घरात निजवलेला होता तोच या घराची सोय बघत होता. दीपश्रीला स्वतःची किळस आली.

आणि मग तिच्या ध्यानात आलं: ऐकलं तिनं. घरभराचे कान वाचले, आणि सुतक तिच्या एकटीच्या कानानं आत आलं. आता ती कुंकवाला हात लावणार नाही, ओटी भरणार नाही, देवकाजवळ जाणार नाही. गेली तर देवाशी खोटं, नाही गेली तर घराला कळणार.

अनसूयाबाई मागच्या दारात उभ्या होत्या. सुनेचा चेहरा त्यांनी पाहिला. दीपश्रीनं तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला.

"बोलू नको. मला काही ऐकायचं नाही."

त्या घरात वळल्या आणि जमलेल्या बायकांना मोठ्यानं म्हणाल्या, "आमची सून बाहेरची झाली बघा! नेमकं आजच. तिला कशाला हात लावायला सांगू नका."

"अय्यो पाप, बिचारी, नेमकं आत्ताच!" बायका हळहळल्या. दीपश्रीला मागच्या खोलीत चटई टाकून दिली. तिथून तिनं नांदीचे मंत्र ऐकले. देवक बसलं. दुसऱ्या दिवशी कार्यालयातही ती शेवटच्या रांगेत खुर्चीवर बसून राहिली. अक्षता तिच्या हातात कुणी दिल्या नाहीत. वेदश्री सुरेख दिसत होती. दीपश्री रडली तेव्हा शेजारची बाई म्हणाली, नणंदेवर फार जीव हो हिचा.

वेदश्री सासरी गेली, देवक उठलं. अनसूयाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि खालच्या मानेनं म्हणाल्या, "आता काढ ते." दीपश्रीनं डबीच्या पानावरच्या ओळी पुसल्या. त्याच दुपारी घरात घंटी वाजली. बाळाचार्य लगबगीनं उठले. "बघ, सुधारला फोन," ते म्हणाले आणि रिसीव्हर कानाला दाबून धरला.

पलीकडे प्रवीण होता. ते बराच वेळ ऐकत होते. एकदा "कधी?" म्हणाले. एकदा "कोण म्हणालं?" म्हणाले. मग रिसीव्हर ठेवून विहिरीवर गेले आणि दोन बादल्या डोक्यावरून ओतून घेतल्या.

संध्याकाळ होता होता त्यांनी सुनेला बोलावलं. ओलं धोतर बदललं नव्हतं. दीपश्रीनं डबीपासून सगळं सांगितलं, एक शब्द ठेवला नाही. ओरडतील म्हणून ती वाट पाहत होती. ते ओरडले नाहीत.

"तो शेवटचा फोन," ते म्हणाले. "तो काय म्हणाला, ते पुन्हा सांग."

"बाळ्याला दे म्हणाले. दोनच शब्द बोलतो म्हणाले."

"मग तू?"

"मी म्हटलं, अप्पा झोपलेत."

"कुठल्या वेळेला?"

"असंच. दिवा लागल्यावर."

बाळाचार्य फोनकडे पाहत राहिले. "आमच्या आईनं दिवेलागणीला कुणाला निजू दिलं नाही कधी. तापानं फणफणलेलं पोर असलं तरी उठवून बसवायची. म्हणायची, लक्ष्मी दारातून परत जाते. आम्ही दोघं भिंतीला टेकून डुलक्या घ्यायचो, आणि तो मला चिमटे काढून जागं ठेवायचा." त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "मी या वेळेला झोपत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं गं? घरात लग्न आहे हेही त्याला ठाऊक होतं. त्याला वाटलं असणार, मीच सांगायला लावलं."

 दीपश्रीला दोड्डप्पांचं म्हणणं आठवलं, झोपू दे त्याला. तो मऊपणा नव्हता, समजून चुकणं होतं, हे तिला आत्ता कळलं.

बाहेर अंधारून आलं होतं. सुतकात देवाला हात लावायचा नाही, म्हणून आत दिवा लागलेला नव्हता. अनसूयाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, पण आत आल्या नाहीत. बाळाचार्य खुर्चीतून उठले, फोनशेजारच्या पलंगावर आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं. इतक्या वर्षांत या वेळेला त्यांना आडवं झालेलं घरात कुणी पाहिलं नव्हतं.

"फोन आला कुणाचा तर सांग," ते म्हणाले. "अप्पा झोपलेत."