सरूबाईंचा गडू

"अहो! अहो, ऐकताय ना?"

सुचेताने शशिकांतच्या खांद्यावर थापट्या मारल्या. कारखान्यातून आलेला नवरा चपला काढता काढताच दारात कोसळला होता. अंग घामाने निथळत होतं, डोळे अर्धवट उघडे, घशात घरघर. तिने त्याच्या तोंडाशी कान नेला. श्वास होता. पण तिच्याच छातीत इतकं धडधडत होतं की ऐकू येतोय तो त्याचा श्वास की आपला, हे तिला कळेना.

समोरच्या फ्लॅटमधले मेहताभाई धावत आले. "भाभी, पानी पिलाओ, पानी!"

"पानी नहीं, भाई! ॲम्ब्युलन्स बुलाओ, जल्दी!"

मेहताभाई मोबाइल कानाला लावत जिना उतरले.

आज संकष्टी. सकाळी शशिकांत डायबेटिसची गोळी घेऊन उपाशीपोटी निघाला तेव्हा सुचेता त्याच्याशी भांडली होती. त्याने नेहमीसारखं हसण्यावारी नेलं होतं.

आता करायचं काय? गेल्या वर्षी महिला मंडळाने प्रथमोपचाराचं शिबिर भरवलं, तेव्हा बेशुद्ध पेशंट व्हायला एकही बाई तयार होईना. चारचौघींत जमिनीवर आडवं कोण पडणार? सगळ्यांनी मिळून सुचेतालाच पुढे ढकललं. ती हसू दाबत डोळे मिटून पडली, त्यामुळे शिकवणाऱ्या बाईंनी काय दाखवलं ते तिने पाहिलंच नाही. आठवत होतं ते तिच्या अंगाला. बाईंनी एक हात गालाखाली आणला होता, पलीकडचा गुडघा वर करून आपल्याकडे ओढला होता, आणि ती अलगद कुशीवर वळली होती. एक वाक्य मात्र कानात राहिलं होतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

तिने त्याचा हात गालाखाली आणला. गुडघा ओढला. पहिल्यांदा तो हललाच नाही.

"बाजूला हो." मागे सासूबाई उभ्या होत्या. सरूबाईंच्या एका हातात तुळशीचं पान, दुसऱ्या हातात देव्हाऱ्यातला गंगेचा गडू. काशीहून आलेला हा गडू त्यांनी स्वतःच्या शेवटासाठी जपला होता. त्याचं सील आज त्यांनी फोडलं होतं.

सुचेताने त्यांचं मनगट धरलं. "नको आई! ते जिवंत आहेत. पाणी श्वासात जाईल."

"सोड गो हात! ह्याच्या बापाच्या तोंडात शेवटचा पाणी पडला नाय. पोराच्या तरी पडूं दे!"

"नाही!"

"आणि गेला मगे?"

गेला तर? नवऱ्याच्या तोंडात गंगा पडू दिली नाही, हे गावात जन्मभर ऐकावं लागलं असतं. त्याहून वाईट म्हणजे आपलं खरंच चुकत असलं तर? तरी मनगट तिने सोडलं नाही. झटापटीत गडू निसटला आणि काशीची गंगा फरशीवर सांडली.

सरूबाई मटकन खाली बसल्या. सुचेताने दोन्ही हातांनी गुडघा पुन्हा ओढला. शशिकांत कुशीवर वळला, आणि त्याच क्षणी त्याला भडभडून उलटी झाली. सगळी बाहेर फरशीवर. तिने त्याचं डोकं जरा मागे कलतं केलं. घरघर थांबली. आता श्वास स्वच्छ ऐकू येत होता, आणि तो त्याचाच होता.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती तशीच त्याच्या नाकापुढे तळहात धरून बसली.

साखर पार उतरली होती, असं हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी तो चांगला शुद्धीवर आला, त्याने नर्सला स्वतःचं नाव-गाव सांगितलं आणि पाणी मागितलं. द्या थोडं थोडं, असं नर्सने सांगितलं.

सरूबाईंनी चमचा भरला. पोराच्या ओठांपाशी नेला आणि तिथेच थांबल्या. घरात आजवर कुणाला कधी काही न विचारणाऱ्या त्या बाईने सुनेकडे पाहिलं.

"आता देऊं काय गो?"

सुचेताने होकारार्थी मान हलवली.

शशिकांत पाणी प्यायला. चमचा धरलेल्या त्या सुरकुतलेल्या मनगटावर चार बोटांचे काळेनिळे वळ उठले होते.

"आजी, हाताला काय झालं?" नर्सने विचारलं.

"दारात चेंगारला," सरूबाई म्हणाल्या, आणि मनगटावर पदर ओढून त्यांनी दुसरा चमचा भरला.