गुरुवारी संध्याकाळी साडेसहा वाजता

मी एक जुना टीव्ही आहे, मित्रांनो, आणि तोंड लपवायला मला लाकडाची दोन दारं आहेत. बाकीच्या यंत्रांना ही सोय नाही. मिक्सरला लाज वाटली तर त्याने कुठे जावं? मला मात्र दोन्ही बाजूंनी ओढून घ्यायची पट्ट्यापट्ट्यांची दारं आहेत, खाली चार बारीक पाय आहेत आणि पोटात काळा-पांढरा सोडून तिसरा रंग नाही. माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही, कारण तेव्हा मला कुणी लावलंच नव्हतं.

मला जाग आली ती गोटीरामच्या घरात. नाशिक मागे पडून मखमलाबादकडे मळे सुरू होतात, तिथे त्याचा मळा. एरवी भाजीपाला, सणासुदीला फुलं. नव्वद सालानंतर कधीतरी त्याने मला मेन रोडवरच्या दुकानातून टेम्पोत घालून आणलं. त्याच्या बायकोने, सरुबाईने, माझी पूजा केली, डोक्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि काचेवर मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं. ते पुसायला कुणी धजेना. त्यामुळे पुढे कित्येक महिने, बातम्या देणारा माणूस कुठल्याही धर्माचा असो, त्याच्या कपाळाला आमच्याकडे कुंकू असे.

मुलांनो, तेव्हा शंभर वाहिन्या नव्हत्या. सरकारी एकच होती, आणि ती म्हणेल ते बघायचं. ती काय म्हणणार आहे, हे सांगायला रविवारी एक वेगळा कार्यक्रम असे. नीटनेटक्या साडीतल्या एक बाई येत आणि पुढचा आठवडाभर काय काय दाखवणार ते थोडंथोडं दाखवत. मंगळवारी नाटक, बुधवारी गाणी, गुरुवारी शेतीचा कार्यक्रम, शनिवारी सिनेमा. सरुबाई याला टीव्हीचं पंचांग म्हणायची, आणि पाळायचीही तसंच. मंगळवारी नाटक असलं, की मेथीच्या जुड्या दुपारीच बांधून व्हायच्या. शनिवारी सिनेमा असला, की भाकरी दिवसाउजेडी. त्यांची सहावीतली लेक दीपमाला ते सगळं पाठ करून वस्तीभर सांगत फिरायची. त्या दिवसांत मला फार मान होता. लोक चपला बाहेर काढून माझ्यासमोर बसत.

आता लाजेचं सांगतो.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात गोटीरामने दसऱ्यासाठी झेंडू लावला. एक दिवस शेळी सुटली आणि एका सरीतल्या रोपांचे शेंडे खाऊन गेली. सगळ्यांनी शेळीला शिव्या दिल्या. सरुबाईने मात्र ती रोपं रोज जाऊन पाहिली. ज्यांचे शेंडे गेले होते, ती बाजूने फुटून ऐसपैस झाली होती. मग एका सकाळी ती बसली आणि अर्ध्या वावरातल्या रोपांचे शेंडे हाताने खुडून टाकले.

गोटीराम बांधावर येऊन बघतो तर हे. तो इतका ओरडला, की शेजारच्या मळ्यातली माणसं कामं टाकून ऐकायला आली. हाताने पीक मोडायला निघाली, डोकं फिरलं, शेळीची अक्कल घेतली, असं बरंच. रागाने तो दोन दिवस घरी जेवला नाही. सहादू नावाचा त्याचा मित्र शेजारीच राहायचा, त्याच्याकडे जेवला.

दसऱ्याला त्या अर्ध्या वावराने बाकीच्या अर्ध्याला लाजवलं. फुलं ठेवायला पाट्या पुरेनात. ही बातमी शेतकी खात्यातल्या साहेबांपर्यंत गेली आणि तिथून टीव्हीवाल्यांपर्यंत. एका सकाळी कॅमेरा घेऊन माणसं मळ्यात आली. सरुबाई तेव्हा फुलं विकायला सराफ बाजारातल्या फुलबाजारात गेली होती. घरी होता तो गोटीराम. त्यांनी त्याला झेंडूत उभं केलं, टोपी सरळ करायला सांगितलं आणि विचारलं, "तुम्ही ही पद्धत कशी शोधलीत?"

मित्रांनो, गोटीराम खोटारडा नव्हता. पण प्रश्नातच 'तुम्ही' होता, आणि तोंडापुढे माइकची दांडी धरलेली होती. एवढं पुरे होतं. सरुबाई बाजारातून परतली तेव्हा ती माणसं गेली होती. शेतीबद्दल विचारलं, असं तो म्हणाला आणि मोटर चालू करायला निघून गेला.

नंतर कित्येक आठवडे काहीच झालं नाही. आपण जे बोललो ते वाऱ्यावर गेलं, असं त्याला वाटू लागलं असेल. आणि मग एका रविवारी, थंडीच्या दिवसांत, माझ्या पोटातल्या बाई म्हणाल्या, की गुरुवारी संध्याकाळी साडेसहा वाजता आपण भेटणार आहोत नाशिकच्या प्रगतिशील शेतकऱ्याला, गोटीराम यांना. आणि गोटीराम दिसला. एका झेंडूवर हात ठेवून उभा. तोंड हलत होतं, पण आवाज बाईंचाच होता. तो स्वतः काय बोलतोय, ते काही ऐकू आलं नाही.

घरात एकच गलका झाला. दीपमाला उड्या मारत बाहेर पळाली. सरुबाईने पुढे होऊन माझ्या काचेवर, त्याच्या गालावर, हात ठेवला. मग ती वळून हसत म्हणाली, "काय बोलताय हो ह्याच्यात?"

"असंच. पिकाचं."

"माझं नाव घेतलं का?"

गोटीराम चप्पल शोधू लागला. म्हणाला, "गुरुवारी बघशीलच."

तेवढ्यावर ती इतकी खुश झाली, की माझं चित्र हललं. म्हणजे हललं नसावं, पण मला तसं वाटलं.

सोमवारी सकाळपासून ती घरोघर बोलावणं करत फिरली. कळवणला भावाला, वाल्मीकला, एसटीडीवरून फोन केला, की दाजी टीव्हीत येणार, कामधंदा सोडून ये. चार घरांतून कपबश्या गोळा केल्या. आणि त्याच सोमवारपासून गोटीरामने मला मारायचा उद्योग सुरू केला.

आधी त्याने छपरावर चढून अँटेना पेठच्या डोंगरांकडे फिरवली. मला पावसासारखी खरखर लागली. पण सहादू हा वस्तीतला अँटेनाचा डॉक्टर. तो बोलावण्याची वाट न बघता छपरावर गेला. खालून दीपमाला "आलं, आलं, गेलं, आलं" करत राहिली, आणि मी पहिल्यापेक्षा चांगला दिसू लागलो. मंगळवारी माझी वायर मागून निघालेली सापडली. उंदराने केलं म्हणे. उंदराला पिन उपसता येते, हे मला नवीनच कळलं. दीपमालाने ती परत बसवली. बुधवारी सकाळी त्याने जाहीर केलं, की याचा आवाज फाटतोय, शहरात दुरुस्तीला टाकतो.

सरुबाई म्हणाली, "टाका की. शुक्रवारी."

बुधवारी दुपारी सगळे वावरात असताना तो घरी आला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. मी बंद होतो. त्याने मला सगळं सांगितलं. काय बोललो, कसं बोललो, कुणाच्या तोंडी काय घातलं. म्हणूनच मला हे ठाऊक आहे. सोमवारी एकदा, मंगळवारी एकदा, त्याने तिला सांगायला तोंड उघडलं होतं. पण ती तेव्हा कपबश्या मोजत होती आणि म्हणाली होती, की थांबा, माझा हिशेब चुकतो.

शेवटी तो मला म्हणाला, "उद्या तेवढी खरखर कर. मग जन्मभर नीट चाल."

मित्रांनो, मी कबूल केलं. मनातल्या मनात, पण कबूल केलं. आयुष्यभर मी नको तेव्हा बिघडलो होतो. नाटकाच्या शेवटी बिघडलो, क्रिकेटच्या शेवटच्या षटकात बिघडलो. एकदा हवं तेव्हा बिघडायला काय जातंय, असं मला वाटलं.

गुरुवारी मला उचलून ओट्यावर ठेवलं. अंगणात पोती अंथरली. वाल्मीकला खुर्ची, शेजारी गोटीरामला खुर्ची. बाकी अवघी वस्ती जमिनीवर, स्वेटर-चादरी पांघरून. साडेसहाला जी वीज जायचीच, ती त्या दिवशी गेली नाही. मी खरखर करायचा जीव तोडून प्रयत्न केला. पण सहादूने अँटेना अशी काही बसवली होती, की इतकं लख्ख चित्र माझ्यात कधी आलं नव्हतं. गोटीरामच्या टोपीची शिवणसुद्धा दिसत होती. मला बिघडताही आलं नाही.

आणि आतला गोटीराम बोलू लागला. पुस्तकी भाषेत, एकेक शब्द उचलून ठेवत.

"शेंडे खुडायची कल्पना माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघाली."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

घरच्यांचा पाठिंबा होता का, असं त्याला आत कुणीतरी विचारलं.

"नाही. घरून विरोध झाला. मंडळी भांडली. म्हणाली, हाताने पीक मोडायला निघालात. दोन दिवस जेवली नाही. बायकांना त्यातलं काय कळणार?"

अंगणात नुसती बशीची किणकिण राहिली. ते भांडण बांधावर उभं राहून ऐकलेली माणसंच समोर बसली होती. सहादू आपल्या हाताकडे बघू लागला. त्याच हाताने त्याने गोटीरामला वाढलं होतं. पुढे बसलेल्या कुसाबाईला राहवेना. ती सरुबाईची शेजारीण. "अगं सरू, दोन दिवस जेवायचा बंद तर हा होता," ती म्हणाली.

सरुबाई दारात चहाचं ताट घेऊन उभी होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. ताटातला एक कप हलला नाही.

"मीच भांडले होते," ती म्हणाली. "तुम्हाला काय आठवतंय कुसाबाई, वय झालं तुमचं."

मित्रांनो, तेव्हा मला दारं ओढून घ्यावीशी वाटली. पण मला हात नाहीत.

गोटीराम उठला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आत एक गोटीराम, बाहेर एक. "खोटं बोलतोय," तो म्हणाला.

वाल्मीकने विचारलं, "कोण हो दाजी?"

"हा. ह्यातला."

आतला म्हणत होता, की शेतकऱ्याने निरीक्षणाची सवय लावून घेतली पाहिजे. बाहेरचा म्हणाला, "निरीक्षण केलं शेळीनं आणि हिनं. मी झोपेल होतो." आतला म्हणाला, की धाडस लागतं. बाहेरचा म्हणाला, "शिव्या घातल्या मी हिला. तुम्ही समद्यांनी ऐकल्या." मग त्याने सहादूकडे पाहिलं. "दोन दिवस तुझ्याकडं जेवलो, सहादू. पण आमटी हिची होती."

सहादू चाचरला. "वहिनी मागच्या दारानं डबा द्यायच्या. सांगू नको म्हनल्या होत्या."

"मला काय चव कळत नाय?" गोटीराम म्हणाला. "तवाच कळली होती. तरी हे बोललो."

सरुबाईने ताट खाली ठेवलं. त्याला चव कळली होती, हे तिलाही नवीन होतं. तो मला बंद करायला हात पुढे करत होता.

"हात लावू नका," ती म्हणाली. "बसा खाली. अजून काय काय शोधलं तुम्ही, ते ऐकू तरी द्या."

वाल्मीक पहिल्यांदा हसला, मग कुसाबाई, मग सगळं अंगण. गोटीराम खुर्चीवर बसला नाही. पोत्यावर बसला, आणि शेवटपर्यंत मान खाली घालून स्वतःला ऐकत राहिला. त्याचे कान काळे-पांढरे नव्हते, एवढं मी सांगू शकतो.

इथे गोष्ट संपली असती तर मी आज एवढा शरमलो नसतो. पण कार्यक्रम लोकांना आवडला. पुढच्या वर्षी तो पुन्हा दाखवला, आणि त्याच्याही पुढच्या. प्रत्येक वेळी आधीच्या रविवारी बाई हसून सांगायच्या, आणि गुरुवारी गोटीराम घराघरांत तेच खोटं बोलायचा. आमच्या अंगणात त्याने ते दुरुस्त केलं होतं, पण बाकीच्या घरी कोण जाणार? मालेगावचे व्यापारी त्याला बाजारात ओळखू लागले. शेंडेवाले शेठ म्हणू लागले. तो प्रत्येकाला सांगायचा, की मी नाही हो, ते सगळं आमच्या घरच्यांनी केलं. लोक ऐकून घ्यायचे, आणि केवढा मोठेपणा या माणसाचा, म्हणायचे. एका सत्कारात तर त्याने अंगावर घातलेली शाल काढून सरुबाईच्या खांद्यावर टाकली. त्याबद्दल टाळ्या पडल्या. त्याही त्यालाच. तो घरी येऊन माझ्याकडे न बघता जेवायला बसायचा, आणि ती त्याला वाढताना विचारायची, "आज किती जणांनी विश्वास ठेवला?"

"कुणीच नाय," तो म्हणायचा.

मग दोन हजार सालानंतर छत्रीवाला रंगीत टीव्ही आला. आता कोणताही कार्यक्रम कधीही लागतो, रविवारी कुणी काही सांगत नाही. मला खतांच्या गोणींशेजारी पडवीत ठेवलं आहे. क्रोशाचा रुमाल कुणी नेला, कळलं नाही. माझ्यावर धूळ आहे, पण त्याची तक्रार नाही. वाटलं तर फडकं मारा, नाही तर राहू द्या.

माझं मागणं वेगळंच आहे, मित्रांनो. आता तुमच्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा येऊ घातलाय, असं ऐकतो. तुमच्या दारी कुणी तो घेऊन आला आणि तुमच्याकडे बघून 'तुम्ही' म्हणाला, तर तोंड उघडण्याआधी घरात नजर टाका. कोण बाजाराला गेलंय ते बघा, आणि ते येईपर्यंत पाहुण्यांना चहा द्या. थांबतात ती माणसं. त्या सकाळी गोटीरामने त्यांना फक्त 'थांबता का?' एवढं विचारायचं होतं.