सातवीच्या वर्गातली ओल

मंगळवारी सकाळी पेंटरने अर्धा चहा तसाच ठेवला, शिडी खांद्यावर घेतली आणि तो लेकीच्या शाळेकडे निघाला. बायको दाराशी इस्त्रीला आलेले कपडे झटकत होती.

"अहो, ओल झाकू नका," ती म्हणाली. "बघायलाच बोलावलंय ना आमदारांना?"

"अध्यक्षांनी सांगितलंय."

"अध्यक्षांना काय, दिसली दाढी की कर गुळगुळीत! भिंतीचं काय कळतंय त्यांना?"

पालक समितीचे अध्यक्ष न्हावी होते. पेंटर हसला नाही, थांबलाही नाही.

तीन वर्षं हे पालक विधिमंडळाला अर्ज पाठवत होते. सातवीच्या वर्गाची मागची भिंत ओलीने फुगली होती. दुरुस्तीला पैसे मिळाले नाहीत तर सातवी-आठवीचे वरचे वर्ग बंद करा, असा शेरा इंजिनिअरने मारून ठेवला होता. पुढची शाळा महामार्गाच्या पलीकडे, तासभराच्या वाटेवर. मुलगे सायकलने गेले असते. मुली घरी बसल्या असत्या. सुताराची थोरली इथली आठवी संपल्यावर बसलीच होती, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन. 'पोरीला एवढ्या लांब कोण धाडणार?' हे वाक्य घरोघरी इतक्या सहज बोललं जाई की त्यात एका मुलीचं आख्खं आयुष्य आटोपतं, हे कुणाच्या ध्यानातही येत नसे. पेंटरची लेक, चिऊ, सातवीतच होती.

अखेर उत्तर आलं. आमदारांची समिती गुरुवारी पाहणीला येणार होती. त्या आनंदात सभा भरली आणि तिथेच घात झाला.

"एवढी मोठी माणसं येणार, आणि ही अवकळा दाखवायची?" अध्यक्ष म्हणाले. "लोक काय म्हणतील आपल्याला?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आपण माणसंच अशी. डॉक्टर घरी यायचा म्हटलं की आधी आजाऱ्याचे केस विंचरतो.

मग आयांनी फरशा घासल्या, सुताराने मोडके बाक मागच्या खोलीत कोंबले. पेंटरने सुटलेला गिलावा खरवडला, भेगांत पुट्टी भरली, घासून घेतली, वर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. आजवर त्याने इतकं निगुतीने काम कुणाच्या बंगल्यातही केलं नव्हतं. चिऊने भिंतीला गाल लावून पाहिला. "बाबा, किती गार लागतंय!" ती म्हणाली. गार लागत होतं, कारण आत पाणी होतं.

गुरुवारी आमदार आले. साताठ मिनिटं थांबले. त्यांच्यातल्या प्रमुख आमदारांनी त्याच भिंतीवर हात फिरवला.

"वा! कोण म्हणतं सरकारी शाळा वाईट असतात?"

अध्यक्ष संकोचाने हसले. मोठ्या बाईंनी चहा पुढे केला. भिंतीचं काय ते सांगायला पेंटरने तोंड उघडलं, पण तेवढ्यात आमदारांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि त्याने तोंड मिटलं. अहवालात लिहिलं गेलं : इमारतीची स्थिती समाधानकारक, निधीची आवश्यकता नाही. खाली पालकांच्या वतीने अध्यक्षांनी वळणदार सही केली.

निधी नाही म्हटल्यावर इंजिनिअरचा शेरा तेवढा उरला. जूनपासून वरचे वर्ग बंद झाले. पेंटरला वाटलं होतं आपल्याला रडू येईल, निदान राग तरी येईल. काहीच आलं नाही. तो कामावर जाई, शिडी चढे, उतरे, जेवे. चिऊ आईशेजारी बसून कपड्यांवर पाणी शिंपडायला शिकली. एकदा ती सहज म्हणाली, "पण बाबा, रंग खरंच छान झाला होता हं." त्याने पुढचा घास तोंडात घातला. चव कळली नाही.

पालकांनी पुन्हा अर्ज केला, आणि पावसाळा सरता सरता त्यांना विधिमंडळात म्हणणं मांडायला बोलावलं. लांबलचक टेबल, झाकलेले पाण्याचे ग्लास. अध्यक्ष बोलू लागताच कारकुनाने अहवाल वाचून दाखवला.

"सही तुमचीच ना?" त्याच प्रमुख आमदारांनी विचारलं. "मग आता तक्रार कसली?"

अध्यक्ष खाली बसले. पेंटर उभा राहिला.

"साहेब, ती भिंत मी रंगवली. आतून कुजलीय. तुम्ही यायच्या दोन दिवस आधी मी झाकली."

"म्हणजे समितीची फसवणूक केलीत?"

"हो." त्याचा आवाज चढला नाही, कापलाही नाही. "माझ्या हाताने केली. लिहून घ्या, मी सही करतो. माझी पोर घरी बसलीय साहेब. तेही लिहा."

कारकुनाने आमदारांकडे पाहिलं. आमदारांनी घड्याळाकडे. "पुढच्या अधिवेशनात बघू," ते म्हणाले. पण कारकुनाने लिहून घेतलं होतं. पेंटरने सही केली. सरकारी इमारतींचं काम देणारा त्याचा कंत्राटदार हे ऐकणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याचंही काही वाटलं नाही.

परतल्यावर घरी न जाता तो शाळेत गेला आणि रंग काढायचा पत्रा घेऊन भिंत खरवडायला बसला. आपलंच काम, एवढं चांगलं झालेलं, निघता निघेना. थोड्या वेळाने बायको आली. तिने दुसरा पत्रा उचलला. चिऊने खाली पडलेले पापुद्रे झाडून गोळा केले. संध्याकाळपर्यंत काळी, बुरशीची भिंत पुरती उघडी पडली.

महिन्याभराने शाळेत कार्यक्रम निघाला. मोठ्या बाईंनी निरोप धाडला, पाहुणे यायचेत, एक हात मारून द्या. पेंटर स्वतः उत्तर द्यायला गेला. चिऊ बरोबर होती. सातवीच्या रिकाम्या वर्गात शिरून ती आपल्या जुन्या बाकावर जाऊन बसली.

"अहो, काय दिसतंय ते!" बाई म्हणाल्या. "लोक बघतील."

पेंटरने लेकीकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी त्याला रडू आलं.

"बघू देत," तो म्हणाला. "बघायलाच बोलावलंय."