अहो, तुला नाही!

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं ते माझ्या नवऱ्याच्या जॅकेटच्या आत बसून. बाहेर फक्त नाक, काळं आणि ओलं. माझ्या सासूबाईंनी दारातच हात आडवा केला.

"आधी सांगून ठेवते, मी त्याचं काही करणार नाही. एक लहान पोर, एक बहिरा म्हातारा, एवढं पुरे आहे मला."

बहिरा म्हातारा म्हणजे माझे सासरे. ते सुतार. घरामागच्या शेडमध्ये आयुष्यभर करवतीच्या आणि रंध्याच्या आवाजात काम करून त्यांचे कान गेले, आणि कानात घालायचं यंत्र आणलं तर म्हणाले, "त्यात करवतच मोठी ऐकू येते." यंत्र कपाटात, आणि आई, म्हणजे सासूबाई, दिवसभर स्वयंपाकघराच्या दारातून हाका मारतायत. "अहोऽऽ! जेवायला! अहोऽऽ! फोन वाजतोय! अहो, ऐकताय का?" ते ऐकत नसत. मग हातातलं काम टाकून आई शेडपर्यंत जात, आणि परत येताना जे पुटपुटत ते लिहिण्यासारखं नाही.

पिल्लाला आधार देणाऱ्या संस्थेतल्या ताईंनी देतानाच बजावलं होतं. "बांधकामावरच्या पाइपात सापडलंय. एका घरून परतही आलंय, कारण ते हाकेला येत नाही, सारखं लपतं. मी दोन आठवड्यांनी बघायला येईन. तोवर रुजलं तर तुमचं. नाहीतर मी घेऊन जाईन आणि दुसरं घर शोधेन. त्याला नुसतं ठेवून घेतलेलं नको मला."

हे सगळं आमच्या ठमीने कान देऊन ऐकलं. ठमी पाच वर्षांची आहे आणि शब्द शब्दशः घेते. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतल्या रिकाम्या कुंडीत पिल्लू, आणि शेजारी पाण्याचा मग घेऊन ठमी.

"ठमे, काय चाललंय?"

"रुजवतेय."

पिल्लू भिजून थरथरत होतं, पण कुंडीतून पळालं नव्हतं. मला ते जरा शुभ वाटलं. त्याला पुसता पुसता मी म्हटलं, हे घर सोडायचं नाही हं. त्याने जांभई दिली.

पुढे मात्र काही जमेना. चार माणसं आणि चार नावं. ठमीचं गुंडू, नवऱ्याचं राजा, माझं मऊ, आणि बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, खुंटी, कारण शेपटी खुंटीसारखी ताठ. पिल्लू कुणालाच ओ देईना. आम्ही चौघं चार कोपऱ्यांतून हाका मारायचो आणि ते सोफ्याखाली सरकायचं. शेवटी त्याने आपली जागा शोधली ती शेडमध्ये, बाबांच्या टेबलाखाली, रंध्यातून पडणाऱ्या लाकडाच्या कुरळ्या पापुद्र्यांत. वर करवत किंचाळतेय आणि हे खाली पोट वर करून झोपलंय. करवत थांबली की दचकून जागं.

"झालं!" आई म्हणाल्या. "हेही बहिरंच निघालं. त्यांना जोडीदार मिळाला."

नवरा हसला, पण मला हसू आलं नाही. ठमी रोज झोपताना विचारायची, "आई, रुजलं का?" मी म्हणायची, "रुजतंय."

दुसरा आठवडा संपत आला तेव्हाची गोष्ट. मी ओट्याशी ठमीची पाण्याची बाटली धूत होते आणि आईंनी नेहमीची आरोळी ठोकली. "अहोऽऽ! चहा!"

फरशीवर नखांची टकटक ऐकू आली. पिल्लू शेडमधून धावत आलं, वळणावर घसरलं, आणि आईंच्या पायांपाशी येऊन बसलं. कान उभे. बघतंय वर.

"तुला नाही," आई म्हणाल्या. "त्यांना."

शेपटी हलली.

"अहो आई," मी म्हटलं, "हे पुन्हा एकदा करा ना."

"काय करा?"

"हाक मारा."

आईंचा चेहरा लालबुंद. त्यांना हे आधीपासून माहीत होतं, हे माझ्या लक्षात आलं. चहात बुडवलेला बिस्किटाचा तुकडाही हातात तयारच होता. तो त्यांनी घाईने माझ्याकडे दिला, जणू माझाच होता.

"खबरदार कुणाला बोललीस तर! नवऱ्याला मारते ती हाक मी कुत्र्याला मारू? लोक काय म्हणतील? आणि त्यांना कळलं तर?"

"पण ताई परवा येतील..."

"मी नाही म्हटलं ना."

मग मीच करून पाहिलं. आईंना मी दिवसभर 'अहो आई' म्हणतेच, त्यामुळे मला वाटलं जमेल. त्याचा एक कान हलला, बस. नवऱ्याला मी कायम 'अरे' म्हणत आले, तेव्हा ती आईंची लांब ओढलेली, जराशी वैतागलेली, जराशी वाट बघणारी 'अहोऽऽ' माझ्या गळ्यात आली कुठून? ठमीनेही प्रयत्न केला. पिल्लाने तिचा कान चाटला आणि पुन्हा भुशात जाऊन पडलं.

ताई आल्या. अनोळखी पावलं ऐकताच पिल्लू शेडमध्ये, टेबलाच्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यात. मी मऊ म्हणून बोलावलं, नवऱ्याने राजा म्हणून. शेडमध्ये बाबा पाठमोरे एका स्टुलाचा पाय तासत होते, त्यांना तर कुणी आलंय याचाही पत्ता नव्हता.

स्वयंपाकघरात परत आल्यावर ताई हळूच म्हणाल्या, "तुमची माया दिसतेय मला. पण पिल्लू अजून तिथेच आहे, पाइपातच. कदाचित शांत घर हवं असेल त्याला." आणि त्यांनी पिशवीतून पट्टा काढला.

ठमी उठली. ती गॅलरीत गेली, रिकामी कुंडी उचलून आणली आणि ताईंच्या समोर ठेवली. "मी पाणी कमी घातलं का?"

ताईंना काही कळेना. आई गॅसकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले, पाहुणीकडे एकदा पाहिलं, आणि दारात जाऊन, डोळे मिटून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"अहोऽऽ!"

टकटक. वळणावरची घसरण. आणि पिल्लू आईंच्या पायांवर, अंगभर लाकडाचा भुसा घेऊन. ताईंकडे बघून घाबरलं, पण हललं नाही, आईंच्या साडीत तेवढं तोंड खुपसलं.

ताई बघतच राहिल्या. "हे... हे नाव ठेवलंय याचं?"

"नाव नाही," आई ताठ मानेने म्हणाल्या. "हाक आहे."

तेवढ्यात मागून बाबा आले, कानामागे पेन्सिल. "काय, जेवण झालं का तयार?"

आई चकित. "तुम्हाला ऐकू आलं?"

"मला? छे. हा उठला ना." बाबांनी पिल्लाकडे बोट केलं. "हा उठला की मी उठतो. आठवडाभर हेच तर चाललंय."

"म्हणजे आठवडाभर तुम्ही वेळेवर जेवायला येताय ते... आणि मला वाटलं कान सुधारले तुमचे!" आई कमरेवर हात ठेवून आधी रागावल्या, मग त्यांना इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. ताईही हसल्या. त्यांनी पट्टा पिशवीत नाही टाकला, ठमीच्या हातात दिला. "हा आता तुमचा. बाहेर फिरवताना घाला."

"रुजलं?" ठमीने विचारलं.

"मुळं लांबवर गेलीत," ताई म्हणाल्या.

संध्याकाळी नवा घोळ झाला. आई 'अहो' म्हणाल्या की पिल्लू येई, त्यामागून बाबा येत, आणि नुसतं पिल्लूच हवं असलं तरी दोघंही येत. दोन-तीनदा झालं तसं आई वैतागल्या. शेडच्या दारापर्यंत गेल्या. करवत चालू होती. त्या क्षणभर थांबल्या, पदर नीट केला, आणि बाबांना नावाने हाक मारली. नुसतं नाव, ना मागे 'राव' ना पुढे काही. मी या घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं.

पिल्लू झोपून राहिलं.

करवत थांबली. बाबा वळले.

"काय म्हणालीस?"

"ऐकू आलं ना? मग झालं," आई म्हणाल्या आणि भरभर आत निघून आल्या. त्यांचे कान लाल झाले होते. बाबा बराच वेळ तिथेच उभे होते, हातात अर्धा कापलेला लाकडाचा तुकडा. मग कपाटाशी आले, आणि इतके दिवस पडून असलेली ती यंत्राची डबी शोधू लागले.