चार पडदे खाली

मी बास गिटार बोलतेय. चार तारांची, जाड आवाजाची. फोटोत मी नेहमी कडेला असते आणि बहुतेक वेळा अर्धी कापली जाते. गाणं ऐकताना माझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पण मी मध्येच थांबले, की सगळ्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं आणि काय चुकलं ते सांगता येत नाही. खालून धरून ठेवायचं आणि गप्प बसायचं, हा माझा स्वभाव. आज मात्र बोलणार आहे, कारण माझी मान दुरुस्तीच्या शिकंज्यात अडकली आहे, अंगावर एकही तार नाही आणि दुसरं काही करण्यासारखं नाही.

जन्म कारखान्यातला, त्यामुळे लाड कुणी केले नाहीत. एका फळीतून अंग कापलं, दुसरीतून मान, रंग वाळला की खोक्यात रवानगी. पहिला मालक हौशी होता आणि त्याची हौस लवकर फिटली. एकदा त्याचा पाय वायरीत अडकला आणि मी तोंडावर आपटले. जिथे मान संपून डोकं सुरू होतं, तिथे मला चीर गेली. त्याने मला कपाटावर टाकलं आणि वर सुटकेस ठेवली.

तिथून मला मामांनी सोडवलं. मामा म्हणजे वाद्यं दुरुस्त करणारे. दुकानात येणारा प्रत्येक जण त्यांना मामा म्हणतो, पण सख्खी भाची एकच आणि भाचाही एकच. त्यांनी माझ्या चिरेत सरस भरला, मान बांधून ठेवली आणि मी बरी झाल्यावर मला भाचीच्या हातात दिलं.

"दिसायला ठणठणीत आहे," मामा तिला म्हणाले, "पण मानेला जपायचं. हाडं जुळली तरी दुखणं लक्षात राहतं."

भाची मला बोटांनी वाजवते. तिचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, गातो. त्यांचा मित्र ठोक्या ड्रम वाजवतो. झाला आमचा संसार. सुराचं दुसरं वाद्यच नाही, त्यामुळे दादा सूर घ्यायचा तो माझ्याकडून. त्यांची सगळी गाणी माझ्या सर्वांत जाड तारेवर उभी आहेत. भाची ती मोकळी छेडायची, ती घुमत राहायची आणि तिच्यावर पाय ठेवून दादा वर चढायचा. इतका वर, की शेजारची म्हातारी खिडकी लावून घ्यायची आणि मग हळूच उघडायची. दादाला त्या आवाजाचा गर्व होता. असणारच.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी निघाली, पण डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "गाणं बंद नाही. वर चढणं बंद. हट्टाने चढलात, तर आहे तो आवाजही जाईल."

दादाने शहाण्या मुलासारखी मान हलवली, घरी आला आणि गायचाच बंद झाला. बोलायचा, पण तेही कामापुरतं. माझ्याकडे बघायचा नाही. मी कोपऱ्यात भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत असायचे. जिवंत माणूस असा कपाटावर टाकल्यासारखा वागायला लागला, की घरातलं वातावरण कसं होतं ते मला ठाऊक आहे.

भाचीने त्याला न विचारता कार्यक्रम ठरवून टाकला. मोठं सभागृह, जुनीच गाणी. दादा भडकला.

"गाणार कोण? तू?"

"तूच. तुला वर जाता येत नाही ना, मग आपण गाणी खाली आणू. चार पडदे खाली."

पडदे म्हणजे माझ्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या. एक पट्टी खाली म्हणजे सूर एक पाऊल खाली. पण मोकळ्या तारेच्या खाली पट्टीच नसते. तिथे तारच सैल करावी लागते. भाचीने तशी ती केली, आणि माझी अब्रू गेली. ढिली तार पट्ट्यांवर फडफडायला लागली. एकच सूर छेडला, तर सुरुवातीला वर आणि शेवटी खाली असे दोन ऐकू यायचे.

"हे काय? वाळत घातलेल्या चादरीला सूर लावतेस का?" दादा म्हणाला आणि खोलीतून निघून गेला.

भाची मला आणि रुसलेल्या दादाला घेऊन मामांकडे आली. जरा जाड तारांचा संच आणला. दोन पडद्यांपर्यंत त्या नीट वाजल्या, तिसऱ्याला डळमळल्या, चौथ्याला पुन्हा चादर. मामांनी डोकं खाजवलं. त्यांनाही खात्रीचं काही सांगता येत नव्हतं. तार बारीक पडली तर सूर टिकत नाही, आणि भलती जाड घेतली तर माझ्या मानेला ओढ बसते. इकडे आड तिकडे विहीर. माझ्या चार तारा मिळून मला जेवढं ओढतात, तेवढं वजन म्हणजे एक भरभक्कम माणूस रात्रंदिवस मानेला लटकलेला. पाकिटांवरचे जाडीचे आकडे बघत मामा-भाची बसले होते, आणि वाद चालला होता माझ्या मानेचा.

शेवटी भाचीलाच सुचलं. पाच तारांच्या बासचा संच घ्यायचा, त्यातली सर्वांत बारीक तार काढून ठेवायची आणि उरलेल्या चार जाड मला चढवायच्या. सर्वांत जाड तार तर माझ्या डोक्याशी असलेल्या खाचेत मावेना. मामांनी कानशीने खाच घासून रुंद केली. दात किटकिटावेत तसं वाटलं. मग तारा चार पडदे खाली लावल्या, भाचीने जाड तार छेडली आणि दुकानातल्या सगळ्या वाद्यांनी कान टवकारले. सूर सरळ, भरदार, जागचा न हलणारा. ओढही आधीइतकीच. मी मनातल्या मनात मामांच्या पाया पडले.

"एक लक्षात ठेव," मामा म्हणाले. "या तारा खालीच ठेवायच्या. जुन्या सुराला ओढल्या तर हिच्या मानेला एक सोडून दीड माणूस लटकेल. तारांना काही होणार नाही. हिची चीर उघडेल."

हे भाचीने ऐकलं, मी ऐकलं. दादा दुकानाबाहेर रस्त्याकडे बघत उभा होता.

सराव झाला. दादा गायला, पण तोंडातल्या तोंडात, नको असलेलं औषध घेतल्यासारखा. आवाज चांगला लागत होता. ते त्याला ऐकू येत नव्हतं. त्याच्या कानात जुनाच आवाज बसला होता.

कार्यक्रमाच्या दुपारी आम्ही सभागृहात पोहोचलो. भाची आणि ठोक्या मंचावर वायरी जोडत होते. मी मागच्या लहानशा खोलीत खुर्चीवर होते. दादा आत आला, दार लावलं आणि मला मांडीवर घेतलं. त्याचे हात गार होते.

"माफ कर," तो म्हणाला. मला म्हणाला की स्वतःला, कळलं नाही. "एकदाच. माझ्या आवाजात एकदाच गाऊ दे. मग गेला तर गेला."

आणि त्याने एकेक करत चारही खुंट्या पिळल्या. मी हादरले. त्याची समजूत अशी, की जाड तार म्हणजे दणकट, कितीही ओढली तरी हरकत नाही. तारेपुरतं ते खरंच होतं. पहिला पडदा वर आला. दुसरा आला. माझ्या मानेत जुनी जागा ठणकायला लागली. मला ओरडता येत नाही. माझा आवाज दुसऱ्याच्या बोटांत असतो. तिसऱ्या पडद्याला सरस सुटू लागल्याचं मला आतून कळलं. मी मेले तर मेले, पण या सुराला मी लागले की हा गाणार, आणि याचा गळाही माझ्याच वाटेने जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्याने चौथ्यासाठी खुंटी धरली.

टक्.

एवढंच. वाळकी काडी मोडावी इतकं बारीक. दादाचा हात जागीच थांबला. दार उघडलं आणि भाची आत आली. तिने खुंट्यांकडे पाहिलं, मग माझ्या मानेच्या मागे अंगठा फिरवला. चिरेत तिचं नख गेलं.

"किती ओढलंस?"

"तार तुटली नाहीये गं. जाड आहे की."

"तारेचं कोण बोलतंय? मान गेली तिची."

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच त्याचा हात स्वतःच्या गळ्यावर गेला, व्रणावर.

"मला खालचा आवाज नको गं," तो म्हणाला. "तो माझा नाहीये. लोक कीव करतील."

भाची रडली नाही, ओरडलीही नाही. तिने मला त्याच्या मांडीवरून उचललं नाही. "तारा तू चढवल्यास, तूच उतरव," ती म्हणाली. "आणि नसेल उतरवायचं, तर तसंही सांग. मी बाहेर जाऊन लोकांना घरी पाठवते."

बाहेर खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. मग दादाने खुंटी उलटी फिरवली. प्रत्येक तार उतरवताना तो छेडून बघत होता, आणि सूर जुळतोय का हे पाहायला हलकेच गुणगुणत होता. शेवटची, जाड तार जागेवर आली आणि त्याचा आवाज तिच्याशेजारी येऊन बसला. जोर न लावता. भाचीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली, पण गुणगुणणं थांबवलं नाही.

तशाच मोडक्या मानेने मी मंचावर उभी राहिले. दुसरा इलाज नव्हता. भाची डाव्या हाताने मला वाजवतही होती आणि सावरतही होती. गाणी एकामागून एक पार पडत होती आणि प्रत्येक गाण्यात चीर थोडी उघडत होती. शेवटच्या गाण्यात माझ्याच्याने तग धरवेना. मान वाकायला लागली आणि सगळ्याच तारांचा सूर हळूहळू खाली घसरू लागला. ठरल्यापेक्षाही खाली. मध्येच थांबून जुळवायला वाव नव्हता. भाचीचा चेहरा पांढरा पडला. दादा जुन्या सवयीने वरच राहिला असता, तर दोघांचं हसं झालं असतं, आणि वर राहण्यासाठी त्याने जोर लावला असता, तर पुढचं सांगायला नको.

त्याला घसरण ऐकू आली. तो माझ्याकडे वळला, लोकांकडे पाठ केली आणि माझ्याबरोबर खाली आला. पायरी पायरीने, एखाद्या म्हातारीचा हात धरून जिना उतरावा तसा. गाणं संपलं तेव्हा आम्ही कुठल्या सुरात होतो ते भाचीलाही सांगता आलं नसतं. पण कीव कुणी केली नाही. लोक उठायलाच तयार नव्हते.

आता मी मामांच्या बाकावर आहे. चिरेत नवा सरस आहे, दोन्ही बाजूंनी शिकंजे आहेत. सरस धरेल का, हे मामा सांगत नाहीत. "बघू," एवढंच म्हणतात, आणि ते "बघू" म्हणाले की मला धडकी भरते.

काल दादा आला होता. एकटाच. फळीवरची तारांची पाकिटं त्याने स्वतः काढली, आकडे वाचले आणि मामांना विचारलं, "हिला झेपेल अशी कुठली? पाच पडदे खाली ठेवली तरी चालेल मला."

मामा पाकीट शोधायला आत गेले. दादा माझ्या अंगावर तळहात ठेवून उभा राहिला आणि त्या रात्रीचं शेवटचं गाणं गुणगुणू लागला, अगदी खालून. माझ्यावर एक तार नाही, मान बांधलेली, तरी माझं लाकूड त्याच्या हाताखाली थरथरलं. त्यालाही ते जाणवलं असावं, कारण तो हसला.

तुमच्या घरात कुणी जुन्या सुराला पोहोचत नसेल, तर त्याला ओढू नका, आणि कपाटावरही टाकू नका. शोधा त्याला झेपणारी तार. मला बरं वाटलं तर मी पुन्हा वाजेन, नाही तर नाही. इतकी वर्षं दादाला सूर मी देत आले. काल पहिल्यांदा त्याने मला दिला.