चांदणीवाला पणजोबा

पणजोबाचं नाव विचारलं की आमची आजी आक्काबाई तोंडाला कुलूप लावायची. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही! इकडं कचेरीतला कारकून वंशावळीत पणजोबा मागत होता. त्याशिवाय जातीचा दाखला नाही, अन् दाखल्याशिवाय माझ्या बहिणीला, भागीला, नर्सिंगला प्रवेश नाही. आजोबा, बाप दोघंही गेलेले. विचारणार कुणाला, कप्पाळ?

ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. मी अंबडला एका कंपनीत फिटर. कंपनी एकाला जर्मनीला पाठवणार होती, म्हणून गंगापूर रोडला गर्गे सरांकडं जर्मन शिकायला जायचो. एकदा सरांनी फळ्यावर बैलाच्या जूची वंशावळच मांडली. जर्मन ‘योख’, इंग्रजी ‘योक’, डच ‘युक’. सगळ्यांच्या वर त्यांचा जुना बाप ‘युकन’, अन् त्याच्या पुढं एक चांदणी. आपलं ‘जू’ म्हणे त्या बापाचं चुलत भावंड.

“चांदणी कशाला, सर?”

“हा शब्द कुठंही लिहिलेला सापडत नाही. लेकरांवरून बाप ठरवलाय.”

हात्तिच्या! आमच्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. मी सावळीराम, माझा आजोबाही सावळीराम. बाप पुंजाराम, म्हणजे त्याचा आजोबाही पुंजारामच! म्हणून आजी पोटच्या पोराला जन्मभर ‘बाबू’ म्हणायची, अन् तिच्यासमोर आम्हीही. मी फॉर्मवर ठोकून दिलं: *पुंजाराम.

कारकून भडकला. “ही चांदणी काय? त्याला पाहिलेलं माणूस आणा.”

आणली आजीला. भागीही आली. कारकुनानं विचारलं, “सासऱ्याचं नाव काय, आजी?” आजी खिडकीबाहेर बघतेय.

मी म्हटलं, “साहेब, तुम्हीच नावं घेऊन बघा.”

“भिकन?” आजी तंबाखू चघळत राहिली. “झुंबर?” जांभई दिली. “पुंजाराम?”

आजीचा पदर झर्रकन नाकापर्यंत आला अन् तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

कारकून पोट धरून हसला. चांदणी खोडून त्यानं शिक्का मारला. भागी तिथंच रडायला लागली, वेडी.

बाहेर आल्यावर आजीनं विचारलं, “ती चांदणी कशाची रे?”

“नाव कुठं लिहिलेलं नसतं, पण माणूस होतं हे नक्की असतं, त्याला लावतात.”

“मग या कागदात मी कुठंय?”

बाप, आजोबा, पणजोबा. मलाच लाज वाटली. “यात बायांची नावं नसतात, आजी.”

“मग मला लाव की चांदणी, मेल्या!”

घरच्या नकलेवर मी आजोबाशेजारी चांदणी काढली अन् पुढं आक्काबाई लिहिलं. आजीला वाचता येत नव्हतं. तिनं चांदणीवर बोट ठेवलं अन् भागीला म्हणाली, “ही मी.”